कॅमेरे चालू ठेवा

१२ मार्च २०२०, ग्वायाकिल

पोचले एकदाची! आसोगेसहून बस निघाली तेव्हा अंगात दोन स्वेटर होते. डोंगर उतरता उतरता एकेक काढला आणि इथे घामाने निथळत उतरले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून नदीचा वास येतो. खाली कोपऱ्यावर मासळीचं कांदा घातलेलं सार मिळतं, वर केळ्याचे कुरकुरीत काप. वाडगाभर संपवलं. सोमवारी शाळेत हजर व्हायचं. चौथीचा वर्ग माझा. माझा! आई फोनवर म्हणाली, समुद्राकाठची माणसं तोंडाची फटकळ, मनाला लावून घेऊ नकोस.

२४ मार्च

शाळेची पायरी न चढताच शिक्षिका झाले. सगळं शहर बंद, दुपारनंतर संचारबंदी, वर्ग पडद्यावर. मुख्याध्यापक बारेस्वेता सरांचं फर्मान आलंय: मुलं गणवेशात हवीत, कॅमेरे चालू हवेत. घरात एकच फोन आणि तीन भावंडं, त्याचं काय करायचं ते फर्मानात नाही. क्लेबेर न्हाणीघरात बसून शिकतो, तिथेच नेट पोचतं. होसेलिनचा आवाज येतो तर चेहरा येत नाही.

नायेलीचं मात्र झकास आहे. आई मिलानला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते, तिनेच लॅपटॉप पाठवलाय. मागे झोपाळ्यात आजी, दोन्या एउफेमिया, झुलत असते आणि मुलांच्या आधी गणितं सोडवते. आज मला म्हणाली, "अगं ए डोंगरवाले, जरा मोठ्यानं बोल की! तोंडात बटाटा धरलायस का?" वर्ग खो खो हसला. मीही.

३० मार्च

आजी आज खोकत होती. डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर म्हणाली, दवाखान्यात गेलेलं इथं कोणी परत येत नाहीये, तू भागाकार शिकव.

१ एप्रिल

झोपाळा हलत नव्हता. चादर हनुवटीपर्यंत. तास संपल्यावर नायेलीला थांबवून घेतलं. आजी काल रात्रीपासून उठत नाही, म्हणाली. हातही गार आहे, म्हणाली. गणवेश इस्त्रीचा होता तिचा.

आणीबाणीचा नंबर दिवसभर लावला. नुसती धून वाजते. शेवटी बारेस्वेता सरांना फोन केला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवते, विसरायचं नाही मला: "मिस ओर्दोन्येस, रुग्णवाहिका बोलावणं तुमचं काम नाही, तुम्ही शिकवा. आणि बाकीचे पालक असलं काही बघायला फी भरत नाहीत. तिला मागे एखादं चित्र लावायला सांगा. समुद्र वगैरे. मुलांना प्रसन्न वाटतं."

आईच्या कानावर कधी न पडलेल्या शिव्या दिल्या. पण फोन ठेवल्यावर. याचाच जास्त राग येतोय.

३ एप्रिल

मी सांगितलं तिला. होय, सांगितलं. नायेलीने समुद्राचं चित्र लावलं. भिंत गेली, पंखा गेला, झोपाळा गेला.

आजी गेली नाही.

वाळूवर ताठ बसली होती. डोळे उघडे. कोणी ओरडलं नाही. क्लेबेरने विचारलं, आजी बरी झाली का, बाई?

४ एप्रिल

सकाळी चालत गेले. फुटपाथवर जे गुंडाळून ठेवलं होतं त्याच्याकडे बघितलं नाही. प्रेतं उचलणारे कुणाला कळवत नाहीत, कुणाला विचारत नाहीत, ऊन मात्र सगळ्यांवर सारखं.

नायेली घरात एकटी. झोपाळा रिकामा. शेजारच्या रोक्सानाने खिडकीआडून सांगितलं, "बुधवारी संध्याकाळीच नेलं हो तिला. आम्हीच चादरीत बांधून बाहेर ठेवली. ट्रकवाल्यांनी नावसुद्धा विचारलं नाही." कुठे नेलं, तिला माहीत नाही. ती रोज दाराशी भाताचं ताट ठेवत होती, तेवढंच.

बुधवारी नेलं. मग शुक्रवारी वाळूवर —

नायेलीला विचारलं. शांतपणे म्हणाली, "आजी वर्गाला येते, बाई. कॅमेरा चालू केला की येते. बंद केला की जाते. तिला कुठे ठेवलंय ते तिलापण सापडत नाहीये."

पोरीला घरी घेऊन आले. तिची आई फोनवर नुसती रडत होती. इटलीतून विमानच नाही.

६ एप्रिल

नायेली माझ्या शेजारी बसली. पडद्यावर आमच्या मागे दोन्या एउफेमिया. मी मागे वळले, तर नुसती भिंत.

आज ती एकटी नव्हती. क्लेबेरच्या मागे न्हाणीघरात कोणी पुरुष. वडील, तो म्हणाला, गेल्या आठवड्यात नेले. होसेलिनचा चेहरा आज पहिल्यांदा दिसला. खांद्यावर कुणाचा तरी हात. मुलं घाबरत नाहीत. मीच —

मला एकाही मुलाने सांगितलं नव्हतं. मी विचारलं कुठे होतं? मी हजेरी घेत होते.

सरांना कळवलं. उत्तर आलं: अफवा पसरवू नका. उद्या मी स्वतः वर्गात येईन.

७ एप्रिल

सर आलेत. वर्ग चालू असतानाच लिहितेय. कोट, टाय, मागे पुस्तकांचं कपाट. पालकांनाही बोलावलंय. माझं नाव घेऊन सांगतायत — नियमभंग — मुलीला परस्पर घरी नेलं — आजपासून या बाई —

मुलांच्या मागे कोणी नाही. क्लेबेरच्या मागे नुसता नळ. होसेलिनच्या मागे भिंत.

आमच्याही मागे नाही.

सरांच्या कपाटासमोर दोन्या एउफेमिया उभी आहे. तिच्या बाजूला क्लेबेरचे वडील. आणखी येतायत. कपाट दिसेनासं झालं —

सगळे पालक बघतायत. सर हातातल्या कागदावरून नजर न उचलताच विचारतायत, एवढे गप्प का तुम्ही सगळे? मिस ओर्दोन्येस, काय झालं?

सरांच्या खुर्चीच्या पाठीवर हात. खूप हात.

एका शब्दाने त्यांना सावध करता येईल. तोंड उघडलंय मी. नायेली माझ्याकडे बघतेय.

मी माझा माइक बंद केला.