ऑल्डर खोऱ्याचा नकाशा

ऑल्डर खोरं,
१२ नोव्हेंबर २०१८

प्रिय वेस्टन,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, तेव्हा तसं समज. थंडी पडायला लागली. सफरचंदं यंदा चिक्कार आली, पण वेचणार कोण? निम्मी झाडाखाली कुजली, उरलेल्यांवर अस्वलाची चंगळ. शेजारची रुथअ‍ॅन हल्ली येत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

तू विचारलंयस, डॅड अजून रागावलेत का, थँक्सगिव्हिंगच्या सणाला आलो तर घरात घेतील का. सांगते. पण आधी तुझ्या काउंटीच्या ऑफिसात जे कुणी बोलणार नाही, ते ऐकून घे.

गेल्या वर्षी याच टेबलाशी बसून तू म्हणत होतास, "गांजा पिकवणं आता कायदेशीर झालंय, डॅड. नोंदणी करा, परवाना घ्या. चाळीस वर्षं लपलात तेवढं पुरे झालं." आणि डॅड म्हणाले होते, "तुझ्या काउंटीच्या हेलिकॉप्टरांना जे चाळीस वर्षांत सापडलं नाही, ते मी आपल्या हाताने नेऊन देऊ? मला काय वेड लागलंय?" या खोऱ्यात पाटी लावायची नाही, अनोळखी माणसाला वाट सांगायची नाही, हे आपण दोघं बोलायला लागलो तेव्हापासून शिकलो. तरी परवान्याचा अर्ज गेला. तो कसा गेला ते मी तुला सांगायला नको. काउंटीची माणसं फाटकाशी घर क्रमांकाचा खांब ठोकून गेली, तेव्हा डॅडना मी सांगितलं, आगीच्या बंबासाठी आहे म्हणून.

मग जूनमध्ये काउंटीच्या मंडळाने मत फिरवलं आणि आपलं खोरं परवान्याच्या झोनबाहेर गेलं. ज्याने नाव दिलं तो गुन्हेगार, ज्याने दिलं नाही तो खुशाल. कड्यावरच्या त्या दाढीवाल्या भावांनी यंदा ट्रक भरभरून माल खपवला. त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही.

ऑगस्टमध्ये पोलीस आले. कुठेही वाट चुकले नाहीत. त्यांच्या साहेबाने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. फाटक, विहीर, वाफे, सगळं त्यावर होतं. रुथअ‍ॅनचे वाफेसुद्धा, कारण तिच्याकडे जायची वाट आपल्या जमिनीतून आहे ना. झाडं कापायला त्यांना फार वेळ लागला नाही. आईने जपून जपून तयार केलेलं वाणही गेलं. डॅड झाडांकडे बघतच नव्हते. ते त्या कागदाकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी करवत घेतली आणि क्रमांकाचा खांब कापून टाकला.

गेल्या महिन्यात लाकडं फोडताना ते छाती धरून खाली बसले. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, ती भलत्याच डोंगरावर चढली. मी फोनवर वाट सांगत होते आणि मला ती नीट सांगता येईना. कधी कुणाला सांगितलीच नव्हती रे. गाडी आली तोवर सगळं संपलं होतं. वेस, आपले डॅड गेले. आईशेजारी पुरलंय त्यांना.

तुला कळवलं नाही. कितीदा फोन उचलला आणि ठेवला. का, ते आता लिहिते.

पोलीस गेल्यावर डॅडनी एवढंच विचारलं, "नकाशा कुणी दिला?"

मी म्हणाले, "मी."

नकाशा तू काढलास, त्यांच्या नावाने अर्ज तू भरलास आणि नकाशा त्याला जोडलास. भल्यासाठीच केलंस, मला माहीत आहे. पण तुझी खोली ते अजून झाडून ठेवायचे. रविवारी फोनजवळची खुर्ची सोडायचे नाहीत. तू त्यांना दुरावला असतास तर ते जगले नसते असं मला वाटलं. आणि मी काय, मी घरातच होते, माझ्यावर किती दिवस रागावणार? पण त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी खोलीतून गेल्याशिवाय ताटाला हात लावायचे नाहीत. खोऱ्यात बातमी फिरली आणि रुथअ‍ॅनने माझ्या तोंडावर दार लावलं.

ते खाली बसले तेव्हा मी सावरायला धावले. त्यांनी माझा हात झटकला. म्हणाले, "वेसला बोलाव."

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तुझ्यावर ते रागावले नव्हते.

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. लिहिता लिहिता कळलं, ते मला झेपणार नाही. तुझा राग येतो, वेस. त्यांचाही येतो, आणि ते तर आता नाहीत. थँक्सगिव्हिंगला ये. पण आधी रुथअ‍ॅनचं दार वाजव आणि नकाशा कुणी दिला ते स्वतःच्या तोंडाने सांग. मग आपल्या घरी ये. त्याआधी आलास, तर मी दार उघडणार नाही.

डॅडची मुलगी,
मार्लिस