छबुकाकूंसाठी केलेली प्रार्थना

तेलगाव,
मंगळवार

आदरणीय संगीता आत्यांना,

रोहिणीचा प्रभूमध्ये सलाम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामांचा खोकला थांबला का? इकडे आई बरी आहे. बाबांची कंबर मोंढ्यावर पोती उचलताना धरली होती, ती कालपासून सुटली. मी मात्र बरी नाही. ताप वगैरे काही नाही, तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, एवढंच. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो (रागावू नका, नांदूरघाटचं अर्धं गाव आमची खुशाली ऐकतं), म्हणून लिहिते.

मी फाट्यावरच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कामाला आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. सकाळी नऊपासून पीकविमा, दाखले, शिष्यवृत्ती. नाव, वय, मुक्काम पोस्ट, अडचण काय, खाली सही. त्यातून उरलेल्या वेळात मी चर्चच्या तरुण संघाची सेक्रेटरी आहे आणि संडेस्कूलही घेते. घराण्यातली पहिली बी.ए. म्हणून मंडळीतलं जे काही लिहायचं-वाचायचं असेल ते माझ्याकडेच येतं. त्यात पाळकसाहेबांनी मला या रविवारी बोलायला सांगितलं आहे. विषय : ‘धावपळीच्या जीवनात ख्रिस्ती प्रीती आणि कृपा’. मी तेरा पानं काढली. शिवाय वेळापत्रक केलं. सोमवारी सहा ते साडेसहा आजाऱ्यांना भेट, मंगळवारी त्याच वेळेत म्हाताऱ्यांना मदत, आणि बुधवारी कुणाचा राग आला असेल तर क्षमा. (बुधवारी कुणाचा राग येत नसे, तेव्हा तो वेळ मी टिपणांना देई.)

जूनमध्ये छबुकाकू दुकानात आल्या, निराधारचा फॉर्म भरायला. तुम्ही माहेरी होतात तेव्हा त्या नव्या नवरी म्हणून आपल्या शेजारी आल्या. दर रविवारी उपासनेत स्तोत्र त्याच वाचतात. पाळकसाहेबांनी कोणतंही स्तोत्र सांगितलं तरी काकू म्हणतात, “आज प्रभूनं मला ह्येच दिलंय,” आणि स्वतःचंच वाचतात. त्यामुळे सगळ्यांना त्या फार आत्मिक वाटत. तर मी फॉर्म पुढे केला आणि म्हटलं, इथे सही करा. त्या म्हणाल्या, चष्मा घरी राहिला. मी दुकानाच्या मालकांचा दिला. त्यांनी तो लावला, कागदाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, “खोटं कशाला बोलू पोरी, मला अक्षर येत न्हाई. लहानपनी बापानं सात स्तोत्रं पाठ करून घेतली, त्याच्यावर चाललंय. तू शिकिवशील का? पर कुनाला सांगू नगं.”

आत्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच हो म्हटलं. जूनमध्ये पीकविमा होता, म्हणून जुलै म्हटलं. जुलैत दाखल्यांची गर्दी होती. ऑगस्टमध्ये मी प्रीतीवरची टिपणं काढत होते. त्या रस्त्यात भेटल्या की नुसत्या बघत. मी हात करून पुढे जाई.

मग आमच्या अंगणात घरसभा झाली. मंडळीतली वीस-बावीस माणसं, छबुकाकू पुढेच, त्यांची सून वर्षाराणीही होती. पाळकसाहेब म्हणाले, रोहिणी, प्रार्थना कर. मला एकदम काकू आठवल्या, मन भरून आलं, आणि मी डोळे मिटून दिवसभराच्या सवयीने सुरू झाले : हे प्रभू, तुझी दासी छबुबाई, वय वर्षे त्रेसष्ट, मुक्काम पोस्ट तेलगाव, हिला अक्षरओळख नाही, तरी हिला वाचता यावं आणि मला त्यासाठी सवड मिळावी, ही विनंती. (सही तेवढी राहिली.) माझे डोळे मिटलेले होते, त्यामुळे बाकीच्यांनी उघडलेले मला दिसले नाहीत. आमेनला फक्त माझाच आवाज आला.

काकूंनी आपलं पवित्र शास्त्र पिशवीत घातलं, चपला घातल्या आणि जाता जाता एवढंच म्हणाल्या, “पोरी, देवाला ठाऊक व्हतं. ह्यांला न्हवतं.”

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पदवीधर आहे. मी तीन स्क्रीन भरून माफी लिहिली आणि त्यांच्या फोनवर पाठवली. चांगली लिहिली होती, परिच्छेद पाडून. पाठवल्यावर उत्तराची वाट पाहत बसले. काय केलं ते तासाभराने ध्यानात आलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी लेखी माफी पाठवली होती. तोवर काकूंनी तो फोन वर्षाराणीकडे नेला होता, आणि वर्षाराणीने अंगणात मूग निवडणाऱ्या बायांसमोर तो मजकूर ठसक्यात वाचून दाखवला होता. ज्या तिघी-चौघी घरसभेला आल्या नव्हत्या, त्यांनाही कळलं.

तीन रविवार झाले, काकू उपासनेला आलेल्या नाहीत. स्तोत्र आता पाळकसाहेबच वाचतात, जे ठरलेलं असेल तेच. कुणाला बरं वाटत नाही. बाया नळावर मला बघून गप्प होतात. परवा एक मागून म्हणाली, “रोहिणीला काई सांगू नगा गं बायांनो, ती प्रार्थना करंल.” सगळ्या हसल्या. मीही हसले आणि घागर अर्धीच भरून घरी आले. या रविवारी प्रभुभोजन आहे. आधी समेट करून मग प्रभूच्या मेजाकडे यावं, हे मी माझ्या चौथ्या पानावर लाल शाईने लिहिलं आहे. ते कोणत्या तोंडाने वाचू?

मामांना सलाम सांगा. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची भाची,
रोहिणी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, धीर झाला नाही.) तुम्ही शनिवारी या. काकू तुमचा शब्द मोडत नाहीत. मला त्यांच्याकडे घेऊन चला. वर इतकं लिहिलं, पण त्यांच्या दारात मी अजून एकदाही गेलेले नाही. आमच्या दारापासून वीस पावलं आहेत.

ता. क. दुसरा, बुधवार. शनिवारची घाई करू नका. आज सकाळी पाकिटाला डिंक लावत होते, तर दारात छबुकाकू. म्हणाल्या, “तू काई येत न्हाईस. म्हून मीच आले.” मी डिंकाची बोटं पुसत राहिले. त्या आपल्याच बसल्या.

“कबरस्तानातला कडूलिंब उन्हाळ्यात तोडला,” म्हणाल्या. “त्याच्याखाली आमचे ह्ये हायत, येवढीच वळख व्हती. सगळे क्रूस सारखेच, वरची नावं तेवढी येगळी. अंदाजानं चार महिने फुलं वाह्यली. परवा सटवाची बायकू म्हनली, माज्या मालकाला तू कावून फुलं वाहतीस? ह्यांचं नि सटवाचं जल्मात पटलं न्हाई गं!” त्या हसल्या आणि हसता हसताच पदर तोंडाला लावला. कशासाठी शिकायचंय, हे मी त्यांना तीन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘अ’पासून सुरू करू. “अ नगं. ह्यांच्या नावापासून.” नाव सांगा म्हटलं, तर त्रेसष्टाव्या वर्षी लाजल्या. आजवर घेतलंच नाही म्हणाल्या. मग मीच मोठ्या अक्षरांत ‘त्रिंबक’ लिहिलं. काकांच्या नावात पहिलंच जोडाक्षर, म्हणून आम्ही शेवटून धरलं. दुकानाच्या मालकांचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. साडेदहापर्यंत ‘क’ जमला, थोडा पोट फुगलेला.

उठताना मी त्यांचे पाय धरले आणि विचारलं, काकू, माफ केलंत ना?

म्हणाल्या, “आजून दोन अक्षरं ऱ्हायलीत. मग बघू.”