सुपारी फुटली तेव्हा मी गेममध्ये

रविवार, दिवेलागणीला. हैदराबाद.

आज मुखेडला बहिणीची, मंगलची, सुपारी फुटली. भावाला फोनवर विचारूनच फोडू, असं आबा म्हणाले होते. मंगल कालच म्हणाली, "दादा, पोरगा मला पसंत न्हाई. तू न्हाई म्हण, तुझंच ऐकतेत."

अन् मी खोलीवर होडीचा गेम खेळून राहिलो होतो. निळं पाणी, वाहत आलेल्या फळ्या गोळा करायच्या, मासे भाजायचे. लई निवांत वाटतं. आबांचा फोन दोनदा कापला. गेममधल्या वादळात होडी बुडंल म्हणून? का आबांना न्हाई म्हणायची भीती? होडी तर वाचली.

आबांचा मेसेज आला, "कामात असशील. तुझा होकार धरला."

मग मंगलचा फोन. "दादा, सुट्टीच्या दिवशी बी कामाला लावलं का रे तुला?"

मी "हाव" म्हणालो.