कांगारूची लाथ आणि आपली राणी

आदरणीय पुंडलिकमामा,

दोन्ही हात जोडून जय भीम. शकूमामीचे गुडघे कसे आहेत? अन् ओसरीतल्या पिंजऱ्यातली आपली राणी सकाळी चिवचिव करते ना? तिच्याचसाठी पत्र लिहून राह्यलो. फोन फुटला (कसा, ते पुढं), अन् तुमचा नंबर त्याच्यातच होता.

मामा, मी अजून हादरूनच आहे. हैदराबादजवळच्या या प्राणीबागेत मी झाडझूड अन् दाणापाणी पाहतो, हे तुम्हाले माहीत आहे. रविवारी चाऱ्याच्या शेडातून धूर निघाला. डॉक्टर अर्पितामॅडम लांबूनच ओरडल्या, "संघर्ष, जास्त दुर्मीळ कोण, त्याला आधी बाहेर काढ!" इकडे कांगारू, तिकडे हिरवी मुनिया, डिट्टो आपल्या राणीवानी. आता तुम्हीच सांगा, जे पाखरू तुम्ही घाटंजीच्या बाजारातून वांग्याच्या थैलीसंगं आणलं, ते कायचं दुर्मीळ? अन् कांगारू आपल्या साऱ्या तालुक्यात कोणी पाहिला का? मी त्याले उचलाले दोन्ही हातांनी कवळा मारला. त्यानं शेपटीवर टेकून दोन्ही पायांची लाथ हाणली. मी हौदात, फोन फरशीवर. धूर विरून गेला, दोघंही वाचले, मीच तेवढा वाकडा झालो.

मग मॅडमनं मले दोघांच्या पिंजऱ्यांवरच्या माहितीच्या पाट्यांसमोर उभं केलं. (रोज पुसतो, वाचल्या कधी नाही.) दोघांची सोयरीक पाठीच्या कण्यापुरतीच, पुढं भावकी फुटली. कांगारू दूध पाजणाऱ्यांच्या घरचा, त्यातही पोटाला पिशवीवाल्या शाखेचा. मुनिया अंड्यातली, गाणाऱ्या पाखरांच्या खानदानाची. अन् खाली काय लिहून असावं? कांगारू, 'चिंता सर्वांत कमी'. मुनिया, 'धोक्यात'. मामा, तो परदेशी पैलवान बिनघोर, अन् आपल्या ओसरीतली मूठभर राणी संपत चालली! रानातून धरधरून विकल्यानं. घरात ठेवणं गुन्हा आहे म्हणे.

बाकी सर्व ठीक. थंडीत कान बांधत जा.

तुमचा भाचा,
संघर्ष

ता. क. : घाबरून मी मॅडमले बोलून गेलो, "आमच्या मामाकडं आहे की एक." त्यांनी गाव विचारलं, मी पिनकोडसुद्धा सांगितला. जंगल खात्याचे लोक येतीन. त्याच्या आधी राणीले झरीकडच्या गवतात नेऊन सोडा.

ता. क. दुसरा : ती परत येऊन पिंजऱ्यावर बसली, तर आत घेऊ नका. (तुम्ही घ्याल, मले माहीत आहे.) म्हणून पिंजऱ्याचं दारच उपटून मले पार्सल करा. तुम्हाले मोह नाही, अन् राणीले सोडलं याचा पुरावा म्हणून मॅडमले दाखवाले मले काहीतरी. माझी नोकरी त्या दारावरच अडून आहे.