शेवट मी चुकीचा सांगितला

मंगफ (आखात), शुक्रवार संध्याकाळ, २००५

आज केलं एकदाचं.

यांचे आयरिश साहेब यांना डब्लिनकडच्या नव्या गुन्हेगारी कादंबऱ्या वाचायला देतात. वाचते मात्र मी. जेवताना हे माझ्याकडून गोष्ट काढून घेतात आणि ऑफिसात माझी मतं स्वतःची म्हणून खपवतात. तेही चालवून घेतलं असतं. पण गेल्या महिन्यात साहेबांना हसून म्हणाले, "आमच्या हिला वाचनाची आवड नाही." मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. वाचनाची आवड नाही!

म्हणून या वेळच्या कादंबरीत खुनी पाद्री आहे असं यांना ठोकून दिलं.

आज साहेब जेवायला आले. हे रंगात येऊन म्हणाले, "पाद्रीच खुनी, हे मी आधीच ओळखलं होतं."

साहेबांचा घास हातातच राहिला. "पाद्री?"

मी आमटी वाढता वाढता इंग्रजीत म्हणाले, "खून आईने केला. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. तुमचे हे लेखक खुन्यापेक्षा गप्प बसणाऱ्यांवर जास्त चिडलेले असतात, नाही का?"

साहेबांनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा ना. आणखी काय काय वाचलंत?" मग आम्ही दोघंच बोलत राहिलो.

ते गेल्यावर यांनी विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"हो."

चेहरा उतरला होता, कान लाल झाले होते. मला यांची दया यायला हवी होती का? नाही आली. उलट वाटलं, साहेब अजून थोडा वेळ थांबायला हवे होते.