मामांची शिकवणी

तीर्थरूप बाबा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दर पत्रात विचारत होतात ना, तर ऐका: तुमचा थोरला ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पास झाला! तिसऱ्या खेपेला का होईना.

सगळं श्रेय आमच्या लॉन्ड्रीच्या ड्रायव्हरचं. त्यांना सगळे मामा म्हणतात. कपड्यांच्या रिकाम्या टोपल्या आवारात मांडून त्यांनी मला गाडी मागे घ्यायला शिकवलं. मी शंभरदा टोपल्या उडवल्या, पण त्यांनी कधी आवाज चढवला नाही. दुसऱ्यांदा नापास झालो, तेव्हा तर त्यांना जेवण गेलं नाही. मला वाटलं, पोटच्या पोरासारखा जीव लावतोय माणूस.

पास झालो तसे मामा मला मिठी मारून रडले आणि संध्याकाळी बॅग घेऊन आपल्या गावी निघाले. नऊ वर्षांनी! तेव्हा कळलं, मालकाचा नियमच आहे. ड्रायव्हरने आपल्या जागी दुसरा तयार करून दिल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. पासपोर्ट मालकाच्याच कपाटात असतात.

काळजी करू नका. आता वाफेत उभं राहावं लागत नाही, दिवसभर बसून काम. आईचा गुडघा कसा आहे? धाकटीच्या लग्नाची तारीख मात्र इतक्यात काढू नका.

कालपासून मी इस्त्रीवाल्याला शिकवतोय. त्याला साधी सायकलसुद्धा येत नाही. आज त्याने चार टोपल्या चेपल्या, तरी मी हसत हसत पुन्हा मांडल्या. म्हणाला, "दादा, तुमच्यासारखा देवमाणूस पाहिला नाही."

घराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुमचा थोरला