अप किती, डाऊन किती

शुक्रवार पेठ, सोलापूर
३ फेब्रुवारी २०२६

चि. सयाजी यास हिंदुरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही उभयता बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा आहे तसाच आहे. माझं कानाचं यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी घालतं, तुझंही तेच. दोघा भावांनी एकमेकांना शिट्ट्या ऐकवण्यापेक्षा पत्र बरं.

कामाचं लिहितो. घरच्या इंटरनेटचा वेग सतत तपासत राहील आणि त्याची नोंद ठेवील असं एखादं सॉफ्टवेअर मला निवडायचं आहे. हसू नकोस, कारण सांगतो.

दर रविवारी संध्याकाळी सातला पुण्याहून इंद्रायणीचा व्हिडिओ कॉल येतो. तीन वर्षांपूर्वी तिनं बसवेशशी आपल्या मनानं लग्न ठरवलं, तेव्हा मी तिला काय म्हणालो ते तुला ठाऊक आहे. पुढं काही बिनसलं तर इकडं सांगत येऊ नकोस, असं म्हणालो होतो. मुलगी आज्ञाधारक निघाली. दिवाळीपासून तिच्या मागची भिंत बदललेली आहे. आधी हिरवी होती आणि कपाट होतं. आता पांढरी आहे आणि एक खिळा आहे. विचारलं तर घराला रंग देणं चाललंय म्हणते. तीन महिने रंग राजवाड्याला लागत असेल. जावईबापू दर रविवारी अंघोळीला गेलेले असतात. संध्याकाळी सात वाजता.

परवा तुझी वहिनी चहा ठेवायला आत गेली, तेवढ्यात मी इंद्रायणीला म्हणालो की मी तेव्हा बोललो ते चुकलं, ते परत घेतो, तू घरी ये. हे वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं. ती काही बोलली नाही. पाच मिनिटं नुसती माझ्याकडं बघत राहिली. मग डोळे पुसले आणि कॉल बंद केला. नंतर आईला साधा फोन करून म्हणाली की नेट अडकलं होतं, काही ऐकू आलं नाही. आता नेट अडकलं असतं, तर मला तिची पापणी लवलेली दिसली असती का?

म्हणजे दोनच शक्यता. नेट गेलं असेल तर मी पुन्हा म्हणेन. नेट चालू असेल तर ते गप्प बसणं हेच तिचं उत्तर, आणि मग पुन्हा म्हणणं म्हणजे पुन्हा हुकूम सोडणं. एकदा सोडला तेवढा पुरे. तिलाच विचारावं, तर मला वाईट वाटू नये म्हणून ती नेटचंच नाव घेणार. म्हणून सॉफ्टवेअर.

आपल्या पेठेतला नेटवाला चनमल्लप्पा येऊन गेला. त्यानं मोबाईलवर अठ्ठेचाळीस आकडा दाखवला. त्याचं म्हणणं, काका, पन्नासचा प्लॅन हाय, अठ्ठेचाळीस येतंय की, आनि काय पायजे. मग मी स्वतः दोन प्रकार तपासले. एकात काटा फिरतो, पण आपण बटण दाबलं तरच. इन्स्पेक्टर येणार हे आदल्या दिवशी कळवल्यासारखंच ते. दुसरं वेग सांगण्याआधी केसांच्या तेलाची जाहिरात दाखवतं. माझ्या डोक्याकडं बघून तरी दाखवायला नको होती. दोन्ही नापास केली. तुझं मत कळव.

घरातल्या लहानथोरांना आशीर्वाद. लोभ आहे तो असाच असू द्यावा.

तुझा,
दादा


कुर्डुवाडी
७ फेब्रुवारी २०२६

ती. दादांच्या चरणी सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा माझ्या मंडळींना वाचून दाखवलं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि मग म्हणाली की मोठ्या भावोजींना वाक्य पाठ करायला आठवडा लागला, पण तीन वर्षांनी का होईना, पाठ केलं. मी तिच्या म्हणण्यात भर घालत नाही.

दादा, तू स्टेशन मास्तर होतास आणि मी गार्ड. गाडी लेट झाली की तू मला आधी कारण विचारायचास आणि मग पाणी. आता पोरगी गप्प बसली त्याचंही तुला लेखी कारण पाहिजे. सोलापूरहून गाडीत बसलास तर चार तासांत पुणं येतं. दारात उभं राहून म्हण की. पण तू जाणार नाहीस. मी तुझा धाकटा भाऊ आहे, मला माहीत आहे.

तेव्हा सॉफ्टवेअरबद्दल सांगतो. मला त्यातलं कळत नाही, रजिस्टरातलं कळतं. जो माणूस विचारल्यावर नोंद करतो त्याची नोंद खोटी असते. न विचारता, ठरल्या वेळी, तारीख-वार-वेळ घालून आपोआप लिहितं असं एखादं घे. येत्या रविवारी तिच्या कॉलच्या वेळी काय लिहिलं ते बघ. आणि निकाल काहीही लागो, मला कळव. मनात ठेवून बसू नकोस.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

आपला,
सयाजी


सोलापूर
११ फेब्रुवारी २०२६

चि. सयाजी यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे तिसरं सॉफ्टवेअर निवडलं. दर दहा मिनिटांनी स्वतःहून वेग मोजतं, वेळेसकट लिहितं आणि रोजचा आलेखही काढतं. रजा मागत नाही. अशी माणसं मला नोकरीत मिळाली नाहीत.

रविवारी सातला कॉल आला. इंद्रायणी हसून आई कशी आहेस म्हणाली. मिनिटभरानं गप्प झाली. मी तिला जेवलीस का असं विचारलं. मुद्दाम असा प्रश्न निवडला की ज्याचं कुणालाही वाईट वाटू नये. उत्तर नाही. हसू उतरलं, हनुवटी हातावर टेकली, आणि ती आमच्याकडं बघत बसली. सात चौदाला कॉल बंद केला. लगेच मी नोंद पाहिली. सात वाजता अठ्ठेचाळीस, सात दहाला सत्तेचाळीस, सात वीसला अठ्ठेचाळीस. नेट एक क्षणही गेलेलं नव्हतं.

म्हणजे तिनं ऐकलं होतं. दोन्ही रविवारी. जेवलीस का यालाही तिला उत्तर द्यावंसं वाटत नाही.

मला फार वाईट वाटलं, सयाजी. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी तिची खोली झाडून ठेवली होती आणि कॉटवर धुतलेली चादर घातली होती. तुझ्या वहिनीला यातलं काही ठाऊक नाही. काल तिनं त्या खोलीत पापड वाळत घातले आणि मी पंखा लावून दिला.

विषय संपला. सॉफ्टवेअरचं काम उत्तम आहे. कुणाला हवं असेल तर नाव कळवीन.

सर्वांना आशीर्वाद. आठवण ठेवावी.

तुझा,
दादा


कुर्डुवाडी
१५ फेब्रुवारी २०२६

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

विषय संपलेला नाही. पापड उचल.

तू अठ्ठेचाळीस लिहिलंस, पण कुठल्या दिशेनं ते लिहिलं नाहीस. अरे, जन्मभर अप आणि डाऊन वेगळे लिहिणारा माणूस तू, आणि घरात एकच आकडा मांडून बसलास? मुंबईकडं जाते ती अप, मुंबईकडून येते ती डाऊन. पुणं त्याच वाटेवर. तिचा चेहरा पुण्याहून सोलापूरला येतो ती झाली डाऊन गाडी. ती वेळेवर येते, म्हणून तुला पापणी दिसली. पण तुझं वाक्य सोलापूरहून पुण्याला जायचं होतं. ती अप. तिची नोंद कुठं आहे?

मी इथल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन खात्री करून आलो. त्यांच्यातही येतं ते डाऊनलोड आणि जातं ते अपलोड. शब्द आपलेच उचललेले दिसतात. दुकानदार म्हणाला की लई लोक डाऊनच बघत्यात, अपचं कुणी इचारतच न्हाय. दोन्ही लिहिणारी सॉफ्टवेअर आहेत म्हणे. तसलं घे, आणि रविवारपर्यंत गप्प बसून दाखव. ते तुला जमतं.

वहिनींना नमस्कार. रागावू नये, पण रागावलास तरी चालेल.

आपला,
सयाजी


सोलापूर
२३ फेब्रुवारी २०२६

चि. इंद्रायणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मायन्यात सौ. लिहावं की नाही हे मला कळलं नाही, म्हणून नुसतं चि. लिहिलं. चि. कायमचं असतं.

मी पत्र लिहितो आहे याचं नवल वाटेल. तुझ्या सयाजीकाकाच्या सांगण्यावरून मी इंटरनेटचा वेग दोन्ही दिशांनी मोजणारं सॉफ्टवेअर बसवलं. आठवडाभर अप वीसच्या खाली आला नाही. काल रविवारी मात्र सहा चाळीसपासून आठपर्यंत डाऊन अठ्ठेचाळीस आणि अप शून्य पूर्णांक तीन. आज सकाळी चनमल्लप्पाला बोलावलं. त्यानं घरातली एकेक वस्तू तपासली आणि तुझ्या आईच्या मोबाईलमधल्या वेळा पाहून कारण सापडलं. रविवारी दुपारी जगदेवीबाईंच्या घरी भजन असतं. तुझी आई सगळं मोबाईलवर चित्रित करते आणि घरी आल्यावर मोबाईल चार्जिंगला लावते. मग तो मोबाईल ते सगळं आपण होऊन वर कुठंतरी जपून ठेवायला पाठवतो. काल अकरा अभंग होते. असं तो दर रविवारी करतो, नेमकं तुझ्या कॉलच्या वेळी.

एक फेब्रुवारीला मी तुला एक वाक्य म्हणालो. ते त्या अभंगांच्या मागं उभं राहिलं आणि तुझ्यापर्यंत आलंच नाही. तू ऐकलंस आणि उत्तर दिलं नाहीस असं मी तीन आठवडे समजत होतो. तुझ्या आईला तू नेट अडकलं म्हणालीस ते खरं होतं. मी तुला खोटं ठरवलं, ही माझी दुसरी चूक.

पहिली चूक तुला माहीत आहे. वाक्य त्याबद्दलच होतं. तुझ्या लग्नाच्या वेळी मी जे बोललो ते चुकलं, ते मी परत घेतो, तू घरी ये. जसंच्या तसं हेच म्हणालो होतो.

आणखी एक सांगणं भाग आहे. आम्ही तुला दिसत नव्हतो तेव्हाही तू आम्हाला दिसत होतीस. दर रविवारी, स्वच्छ. आपल्याला कुणी बघत नाही असं वाटल्यावर तुझा चेहरा जसा व्हायचा, तो मी पाहिला आहे. चोरून पाहिल्यासारखं झालं, पण आम्हाला ठाऊक नव्हतं. तुझी आई म्हणायची की पोर दमलीय.

तू का दुःखी आहेस हे मला सांगायलाच हवं असं नाही. न सांगता आलीस तरी चालेल.

उत्तर द्यावं असं वाटलं तर द्यावं. नाही दिलंस तरी माझा जीव आहे तिथंच राहील.

तुझा,
बाबा


पुणे
२७ फेब्रुवारी २०२६

ती. बाबांस इंद्रायणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. ऑफिसात उघडलं आणि मग उरलेल्या दिवसाची रजा टाकली.

एक तारखेला तुमचं चित्र अडकलं तेव्हा तुमचं बोट वर होतं आणि तोंड उघडं होतं. वाक्य म्हणताना तुम्ही बोट वर केलं असणार. करताच तुम्ही. मला वाटलं, यांना कळलंय, आणि आता हे म्हणणार, सांगितलं होतं ना. पाच मिनिटं मी त्या बोटाकडं बघत बसले. कॉल बंद करवत नव्हता, कारण रागावलेले का होईना, तुम्ही समोर होता. त्यानंतरही दर रविवारी तुम्ही दोघं फोटोसारखे थांबलात की मी तशीच बसून राहायचे. घरात दुसरं कुणी नसायचं.

नोव्हेंबरपासून मी एकटी राहते. बसवेश वाईट माणूस नाही, मारहाण वगैरे काही झालेली नाही. आमचं जमलं नाही, एवढंच. सांगत येऊ नकोस म्हणाला होतात म्हणून मी सांगितलं नाही, पण त्याला आज्ञाधारकपणा म्हणू नका. राग होता. तुमचं म्हणणं खरं ठरलं याचाही राग होता.

पुढच्या शनिवारी, सात मार्चला येते. महिनाभर घरून काम करायला परवानगी मिळाली आहे. आईला मी काल फोनवर सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग खोलीतले पापड कुठं ठेवायचे ते विचारत होती. काकांना माझा नमस्कार कळवा.

तुमच्यावर राग होता तेव्हाही लोभ होता. तो तेवढा मोजून घेऊ नका.

तुमची,
इंद्रायणी

ता. क. पत्रातलं वाक्य पुष्कळदा वाचलं. तरी आल्यावर ते एकदा तोंडानं म्हणा, बोट वर करून म्हणालात तरी चालेल. मी ते अजून ऐकलेलं नाही.